लीडर आणि इंग्लंडचे किल्ले

पहिल्याच दिवशी मी त्यांना "काकू" म्हटलं आणि फसले. क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागातल्या त्या घराच्या दारात मी दोन बॅगा घेऊन उभी होते आणि समोर साठीकडे झुकलेल्या एक बाई. पांढरे केस कानापर्यंत कापलेले, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, गळ्यात शिट्टी. "काकू नको," त्या म्हणाल्या, "काकू म्हटलं की भाजी निवडायला बसल्यासारखं वाटतं मला. लीडर म्हण." मला वाटलं, चेष्टा चाललीय. तेवढ्यात मागून त्यांचे यजमान काठी टेकत आले नि म्हणाले, "म्हण, म्हण. मीसुद्धा तेच म्हणतो."

भूकंपाला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. क्राइस्टचर्चमध्ये भाड्याच्या खोल्यांची मारामार होती. मी डोंबिवलीची. इथे शिकायला आले, कोर्स संपला आणि एका गोदामात पगाराचा हिशेब बघायला लागले. हे दोघं पुण्याचे. पुण्याच्या माणसांबद्दल आमच्याकडे काय काय बोलतात ते सगळं ऐकून होते. लीडरनी त्यातलं काही खोटं पाडलं नाही, उलट भरच घातली. सकाळी सहाला घरात शिट्टी वाजे. रविवारीसुद्धा! कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला निघाले तरी आतून आवाज यायचा, "पाण्याची बाटली?" अहो, तीन मिनिटांचा रस्ता! पण बाटली दाखवल्याशिवाय दार ओलांडायची सोय नव्हती.

त्या खरोखरच लीडर होत्या, म्हणजे पुण्यात एका ट्रेकिंग ग्रुपच्या. ज्या काळात पोरींना गडावर पाठवताना घरात रडारड व्हायची, त्या काळात ह्या बाई पन्नास पोरांची रांग पुढे घालून चालत. काका त्याच रांगेतले. भूगोलाचे प्राध्यापक, मितभाषी, नेहमी शेवटून दुसरे. शेवटी लीडर स्वतः. "मागे कोण आहे ते कळावं म्हणून मी दुसरा राहायचो," हे काकांच्या प्रेमकथेचं एकमेव वाक्य. ते मला कधी हसू न येता ऐकता आलं नाही.

न्यूझीलंडमध्ये लीडर शहराच्या पाण्याच्या पाइपांवर काम करत. इंजिनिअर होत्या. भूकंपात जमिनीखालचे पाइप जागोजागी तुटले, तेव्हा हेल्मेट घालून चिखलात उभ्या असायच्या. त्यांच्या टीममधले उंचेपुरे किवी गडी त्यांना "किया ओरा, लीडा" अशी हाक मारायचे. किया ओरा म्हणजे माओरीतला नमस्कार. त्यांच्या तोंडी शेवटचा र येत नसे. त्या त्यांना जेवणाच्या सुट्टीत रायगडाच्या टाक्यांबद्दल सांगत. किल्ला असो, देऊळ असो, कुणाचं नवं घर असो, बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला: "पाणी कुठंय?" माझ्या एका मैत्रिणीनं बॉटनी डाउन्सला घर घेतलं. वास्तुशांतीला आम्ही विमानानं ऑकलंडला गेलो. लोक पूजेला बसलेले आणि ह्या बाई अंगणात झाकण उचलून मीटर बघताहेत!

त्याच फेरीत एक गोष्ट घडली. अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारातून मेथी घेऊन आम्ही परत निघालो होतो. वाटेत एक जुना ज्वालामुखीचा डोंगर लागला, हिरवागार, अंगावर पायऱ्यापायऱ्यांसारखे टप्पे. आधीच्या ऑकलंडच्या फेऱ्यांत मी दोन-तीनदा त्याच्या बाजूनं गेले असेन. लीडरनी भाड्याची गाडी थांबवली, उतरल्या आणि बघतच राहिल्या. "अगं, हा गड आहे," त्या म्हणाल्या. "हे टप्पे आपोआप पडलेले नाहीत. माणसांनी कोरलेत. ते बघ, तिथे खंदक." पायथ्याच्या पाटीवर तेच लिहिलं होतं, की हा माओरी लोकांचा तटबंदीचा डोंगर, पवित्र आहे, माथ्यावर खाऊ-पिऊ नका. बाईंनी जँडल्स काढल्या, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि गाडीत येऊन बसल्या. मी म्हटलं, "वर नाही जायचं?" काका खिडकीबाहेर बघायला लागले. लीडर म्हणाल्या, "नाही."

का नाही, ते त्यांनी घरी आल्यावर मेथी निवडता निवडता सांगितलं. होय, मेथी मात्र निवडायच्या. लग्नानंतर काही वर्षांनी दोघं एका गडावरून स्कूटरवर परत येत होते. घाटात ट्रकनं धक्का दिला. बाईंना खरचटलंही नाही. काकांचा डावा खुबा आणि गुडघा कामातून गेला. "गाडी मी चालवत होते," त्या म्हणाल्या. आवाजात काही नव्हतं. "तेव्हाच ठरवलं. बालेकिल्ल्यात पाय टाकीन तो ह्यांच्याबरोबर. नाहीतर नाही."

आणि बाईंनी ते पाळलं हो! त्यानंतरही त्या पोरांना घेऊन गडावर जायच्या, पण शेवटच्या दरवाजापाशी थांबायच्या. पोरं वर जाऊन यायची, ह्या दारात बसून डबे राखायच्या. ज्या बाईला गडाशिवाय जेवण जात नाही तिनं इतकी वर्षं माथा बघितला नाही. मला त्यांचा इतका अभिमान वाटायचा की ऑफिसात, देवळात, गणपतीच्या मंडपात, जिथे संधी मिळेल तिथे मी ही गोष्ट सांगायचे. एकदा काकांच्या देखतच कुणाला तरी सांगत होते. काका हळूच उठून गेले. मला वाटलं, पाय दुखत असेल.

इंग्लंडचं खूळ त्यातूनच निघालं. लीडरनी कुठेतरी वाचलं की तिकडे खेड्यापाड्यांत किल्ले आहेत आणि ते बुटके आहेत. गाडी थेट दारात लागते. झालं! जेवणाच्या टेबलावर इंग्लंडचा नकाशा अंथरला गेला. "मोटरहोम घ्यायची. घर बरोबर, संडास बरोबर, ह्यांचा पलंग बरोबर. दारात लावायची आणि ह्यांना वर न्यायचं. एक तरी गड सापडेलच की." दोन हजार सतराच्या मे महिन्यात आम्ही निघालो. मी कशाला? तर दुसरी ड्रायव्हर म्हणून. कागदावर माझं नाव होतं, लायसन्स होतं. त्या अख्ख्या प्रवासात स्टिअरिंगला हात लावायला मिळाला असेल तर शपथ. स्कूटरच्या त्या दिवसापासून काका ज्या गाडीत असतील ती दुसऱ्या कुणी चालवायची नाही, हाही एक नियम निघाला. तो मला हीथ्रोला उतरल्यावर कळला.

मग माझं काम काय? संडासाची टाकी ओतणे. ती मोटरहोमच्या बाजूनं एका छोट्या दारातून चाकांच्या सुटकेससारखी बाहेर ओढायची आणि कॅम्पच्या कोपऱ्यात नेऊन रिकामी करायची. गोरी माणसं ती ओढत ओढत एकमेकांना "लव्हली मॉर्निंग" म्हणायची. चार दिवसांनी मीही म्हणायला लागले. पाणी भरायचं काम लीडरकडे, नकाशा काकांकडे. रोज निघताना शिट्टी आणि मोजणी. तीनच माणसं, तीही एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी, तरी मोजणी! "एक!" असं काका नकाशातून डोकं न काढता म्हणत. मी "दोन". तीन त्या स्वतः.

डर्बीशायरमध्ये एका गल्लीवजा रस्त्यात शिरलो. दोन्ही बाजूंना उंच झुडपांच्या भिंती, आरसे पानांना घासताहेत. समोरून ट्रॅक्टर. मागे जायचं म्हणजे अर्धा मैल, वळणावळणांचा. मी म्हटलं, "लीडर, मी उतरून त्यांना विनंती करते." "विनंती कसली? चढणाऱ्याला वाट द्यायची असते. तो चढतोय." मला शिट्टी देऊन मागे उभं केलं. एक शिट्टी डावीकडे, दोन उजवीकडे, लांब शिट्टी म्हणजे थांबा. मी घाबरून एवढ्या शिट्ट्या मारल्या की शेतातल्या मेंढ्या जमा झाल्या. पण बाईंनी ती अजस्र गाडी एक ओरखडा न पाडता मागे आणली. ट्रॅक्टरवाल्या म्हाताऱ्यानं टोपी उचलली. "नाइसली डन, लव्ह." लीडर खूश! संध्याकाळी पिठलं घोटताना चारदा तरी म्हणाल्या असतील, "लव्ह म्हणाला बरं का मला."

किल्ले मात्र पसंत पडेनात. जे सपाटीवर होते त्यांत गालिचे, चांदीची भांडी आणि चहाची दुकानं. "हा काय किल्ला? हा बंगला आहे," की निघाल्या. मी म्हणायचे, अहो, आठशे वर्षांचा आहे! "असू दे. चढ कुठंय? माथ्यावर वारा लागला पाहिजे." आणि जे खरे किल्ले होते त्यांत गोल जिने, एका माणसापुरते, पायऱ्या झिजून गुळगुळीत. काका पहिल्या पायरीवर काठी टेकून बघायचे आणि मान हलवायचे. मग लीडर तिथेच बसायच्या. मला वर पाठवायच्या. मी येऊन सांगायचं. "नीट सांग. बुरूज किती? पाणी?" मी मेली पगारपत्रकं करणारी, मला काय कळतंय! काका त्या वेळी पाठ करून शेतांकडे बघत बसायचे. दिवस सरत चालले तशा बाई जास्त जोरात बोलायला लागल्या, आणि काका आणखी कमी.

शेवटच्या आठवड्यात नॉर्थम्बरलँडमध्ये काकांनी नकाशावर एक ठिपका दाखवला. खेड्यामागे टेकाड, त्यावर पडका किल्ला. ना गालिचा, ना चहा. माथ्यावर एक चौकोनी बुरूज शाबूत, बाकी तटाच्या कंबरेएवढ्या भिंती. गाडीतळापासून चढ बऱ्यापैकी. लीडरनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हा गड आहे." पण काकांना पहिल्या तटापर्यंत यायलाच किती वेळ लागला. पुढचा रस्ता खडा होता. ते घाम पुसत दगडावर टेकले.

बाईंना हात चोळत बसणं जमत नाही. तटाच्या भिंतीवर बघतात तो गवत, रानफुलं, ही एवढी दाट. "शी! काय ही अवस्था! कुणी बघत नाही वाटतं ह्या गडाकडे." पाठपिशवीतून खुरपं निघालं. पुण्यात असताना दर पावसाळ्यानंतर त्यांचा ग्रुप गडांवर जाऊन तटातली झाडं उपटायचा, ते खुरपं त्यांच्याबरोबर न्यूझीलंडला आलं होतं. तिथल्या विमानतळावर बुटाच्या तळव्याची मातीसुद्धा तपासतात, म्हणून घासून लखलखीत केलेलं. बाई गुडघे टेकून भिडल्या. मलाही लावलं. अर्ध्या तासात आम्ही चांगली चार हात लांब भिंत स्वच्छ केली, दगड कसा दिसायला लागला. मला तर छान वाटत होतं. उत्तर इंग्लंडच्या टेकडीवर दोन मराठी बायका श्रमदान करताहेत!

"व्हॉट ऑन अर्थ आर यू डुइंग?"

हिरवं जाकीट घातलेल्या, सत्तरीच्या एक बाई वरून धावत येत होत्या. त्या किल्ल्याच्या राखणदार होत्या. चेहरा लाल झालेला. लीडर उठल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "क्लीनिंग. आवर कस्टम. नो चार्ज." त्या बाईंना रडूच यायचं बाकी होतं. त्यांनी समजावून सांगितलं ते असं: ते गवत आपोआप माजलेलं नव्हतं. मुद्दाम लावलेलं होतं. तिकडच्या थंडीत दगडांच्या सांध्यांत पाणी शिरतं, गोठतं, फुगतं आणि भिंत फोडतं. म्हणून भिंतीच्या माथ्यावर मातीचा आणि गवताचा जाड थर पांघरूण म्हणून घालतात. त्या बाईंनी तो स्वतःच्या हातांनी लावला होता, एकेक तुकडा.

लीडरचं तोंड मी पहिल्यांदा उतरलेलं बघितलं. खुरपं हातात तसंच. मग हळूहळू त्यांनी इंग्रजीत सांगितलं, की आमच्याकडे पिंपळ नि वड तटात मुळं घालतात आणि बुरूज उभा चिरतात. आमच्याकडे उपटलं नाही तर गड जातो. इथे उपटलं तर जातो हे मला माहीत नव्हतं. मग म्हणाल्या, "आय ॲम सॉरी. शो मी. आय विल पुट बॅक." राखणदारबाई कुठून तरी पाण्याची बादली घेऊन आल्या. आणि दोघी म्हाताऱ्या गुडघ्यांवर बसून सगळी दुपार गवताचे गड्डे परत बसवत राहिल्या. "दाबायचं नाही, थोपटायचं." "पिंपळ किती मोठा होतो?" "बादली कुठून भरता? पाणी कुठंय इथे?" हा प्रश्न ऐकून राखणदारबाईंचा चेहरा उजळला. "वर विहीर आहे," त्या म्हणाल्या. "बुरुजाच्या पोटात. बघितली नाही?"

लीडर गवत थोपटत राहिल्या. मीच मध्ये पडून सांगितलं काकांच्या पायाचं. राखणदारबाई उठल्या आणि मागच्या बाजूनं एक छोटी उघडी गाडी फटफटत घेऊन आल्या, माती आणि गवत वर नेण्याची. सामानाच्या फळीवर पोतं अंथरलं. मला वाटलं, काका नाही म्हणतील. पण काका काठी माझ्याकडे देऊन चढून बसले. लीडर आपला ड्रायव्हिंगचा नियम विसरून गाडीशेजारून चालत होत्या, एक हात काकांच्या गुडघ्यावर. चढ संपला, दरवाजाची कमान आली आणि गाडी सरळ आतल्या अंगणात! मी ओरडलेच, "लीडर, आलात की हो!"

पण नाही. अंगण होतं, माथा नव्हता. बुरुजाच्या भिंतीला लागून बाहेरून दगडी जिना वर चढत होता, एका बाजूला कठडा, पण पायऱ्या गुडघ्याएवढ्या. विहिरीचं तोंड त्या जिन्याच्या टोकाशी, आतल्या दालनात. काकांना तिथे गाडी नेणार नव्हती. काकांना अंगणातल्या बाकावर उतरवून राखणदारबाई गाडी घेऊन खाली निघून गेल्या. लीडरनी जिना बघितला, एकदा वर बघितलं आणि बाकावर काकांच्या शेजारी बसून डबा उघडला. "जा गं तू," मला म्हणाल्या. "नीट बघून ये. विहीर किती खोल आहे ते विचारीन मी."

"ती नाही जाणार," काका लीडरना म्हणाले. "तू जा."

"अहो, काहीतरीच काय? ठरलंय ना आपलं?"

"कुणाचं ठरलंय?" काकांचा आवाज चढला. चार वर्षं मी त्या घरात होते, मी तो कधी ऐकला नव्हता. "तू ठरवलंस. मला विचारलंस? प्रत्येक गडाच्या दारात बसतेस आणि लोक तुझं कौतुक करतात. ही पोरगी जगाला सांगत फिरते. आणि मी? माझा पाय एकदाच मोडला गं. तू बसतेस तेव्हा तो दर वेळी मोडतो."

डब्यातली पोळी बाईंच्या हातातच राहिली. मी तिथून पळून जावं तर अंगणाला दुसरं दार नव्हतं.

"गाडी मी चालवत होते," लीडर म्हणाल्या.

"ट्रक त्याची बाजू सोडून आला होता. मी मागे बसलो होतो, मी बघितलं. दवाखान्यात सांगितलं, घरी सांगितलं, तू ऐकतच नाहीस." मग एकदम मऊ होऊन, "अगं, मी ज्या मुलीसाठी रांगेत उभा राहायला लागलो, ती वर जाणारी होती. मला ती बघायचीय. गुडघे धड आहेत तोवर जा."

मग लीडरनी पोळी डब्यात ठेवली, झाकण लावलं. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. उठून जिन्यापाशी गेल्या, पहिल्या पायरीला हात लावून कपाळाला लावला आणि चढायला लागल्या. कठड्याला हातसुद्धा लावला नाही. साठी उलटलेली बाई, पण पाय टाकण्याची पद्धत अशी की मला त्या पन्नास पोरांचा हेवा वाटला. मध्यावर जिना वळत होता तिथे त्या दिसेनाशा झाल्या. काका बाकाच्या कडेवर येऊन बसले. मग वर, अगदी वर, आभाळाला लागून लीडरचं भगवं जाकीट दिसलं. वाऱ्यानं फुगलेलं.

"विहीर आहे हो!" वरून आवाज आला. "पाणी आहे! दगड टाकला, वाजला!"

"समुद्र दिसतो का?" काकांनी तोंडाशी हात धरून ओरडून विचारलं.

"दिसतो! सगळं दिसतंय!"

अंगणात एक गोरं जोडपं कुत्रा घेऊन आलं होतं. काका, जे दुकानात नाणी मोजून ठेवतात पण थँक्यू म्हणायलाही लाजतात, ते काठीवर रेलून उठले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "एक्सक्यूज मी. द लेडी इन ऑरेंज. ऑन टॉप. दॅट इज माय वाइफ." त्या दोघांनी वर बघून हसून हात हलवला. मागून शाळेच्या पोरांची एक झुंड आली, काकांनी त्यांच्या मास्तरांना अडवलं. "माय वाइफ. देअर." राखणदारबाई परत गाडी घेऊन आल्या, त्यांनाही सांगितलं, जणू त्यांनी दुपारभर तिच्याबरोबर गवत लावलंच नव्हतं. मग अंगणात सांगायला कुणी उरलं नाही. काका माझ्याकडे वळले. गाल ओले, मान वर.

"ती माझी बायको आहे," ते मला म्हणाले.

"हो काका, माहितेय मला."

"माहितेय काय? बघ तरी!"